पोशाखाचा नियम आणि कॅमेऱ्याची नजर : व्यावसायिक महिला टेनिसमधील स्त्रीप्रतिमेचा इतिहास (१९१९ ते २०२३)

विषयप्रवेश

क्रीडांगणावरील स्त्रीविषयी प्रसारमाध्यमांतून दोन तक्रारी सातत्याने केल्या गेल्या आहेत. तिने अंग पुरेसे झाकलेले नाही, ही एक. आणि ती पुरेशी आकर्षक दिसत नाही, ही दुसरी. वरवर पाहता या तक्रारी परस्परविरोधी वाटतात. पहिलीचे मूळ परंपरागत नीतिकल्पनांत आहे आणि दुसरीचे बाजारपेठेत, असा सर्वसाधारण समज आहे. एकीला जुनाट आणि दुसरीला आधुनिक मानले की विषय संपतो. व्यावसायिक महिला टेनिसचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास तपासला असता मात्र हा समज टिकत नाही. या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच वेळी आणि एकाच पानावर आढळतात. कित्येकदा तर त्या एकाच संस्थेच्या वर्तनातून प्रकट होतात. खेळाडू स्त्रीने स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय स्वतः घ्यावा, ही गोष्ट दोघींनाही मान्य नाही. प्रस्तुत लेखात या विधानाची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

टेनिसची निवड सहेतुक आहे. स्त्रियांना व्यावसायिक म्हणून उपजीविका आणि कीर्ती मिळवून देणाऱ्या मोजक्या खेळांपैकी हा एक जुना खेळ असून त्यातील पोशाखाचे नियम, त्यांचे उल्लंघन आणि त्यावरील वाद यांच्या नोंदी विपुल आहेत. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये चित्रपटाच्या संदर्भात ‘पुरुषी नजर’ ही संकल्पना मांडली. टेनिसमध्ये या नजरेच्या जोडीला एक नियमपुस्तिकाही होती, हे या खेळाचे वैशिष्ट्य होय.

हौशी काळ आणि सुझान लेंग्लेन

विम्बल्डन येथे महिला एकेरी स्पर्धा १८८४ मध्ये सुरू झाली आणि मॉड वॉटसन पहिली विजेती ठरली. त्या काळातील खेळाडू घोळदार लांब झगे आणि आत घट्ट आवळलेले कॉर्सेट घालून खेळत. १९०५ मध्ये विजेतेपद मिळविणाऱ्या मे सटन या अमेरिकन तरुणीने बाह्या दुमडल्या, एवढ्यावरून कुजबुज झाली. हा सर्व खेळ हौशी होता आणि सुस्थित कुटुंबांच्या हिरवळीवर चाललेला होता. त्यामुळे वादही घरगुती मर्यादेत राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९१९ च्या विम्बल्डनमध्ये वीस वर्षांची फ्रेंच खेळाडू सुझान लेंग्लेन कॉर्सेटशिवाय, आखूड बाह्यांचा आणि पोटरीपर्यंतचा झगा घालून उतरली. अंतिम सामन्यात तिने सात वेळच्या विजेत्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांना १०-८, ४-६, ९-७ असे हरविले. लेंग्लेनच्या खेळात उड्या होत्या, धाव होती, नृत्यासारखी लय होती. कॉर्सेट घालून हे शक्य नव्हते. म्हणजे पोशाखातील बदल हा मुळात खेळाच्या गरजेतून आला होता. वृत्तपत्रांनी मात्र त्याची नोंद प्रामुख्याने धीटपणा आणि फॅशन म्हणून केली. पुढे पॅरिसचे वेशकार झां पातू यांनी तिच्यासाठी पोशाख केले आणि टेनिस खेळणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र ही स्वतंत्रपणे विकली जाणारी वस्तू बनली.

१९२६ मध्ये लेंग्लेनने अमेरिकन प्रवर्तक सी. सी. पाइल यांच्याशी करार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिचा व्यावसायिक दौरा सुरू झाला. हौशी स्पर्धांचे दरवाजे तिला त्यामुळे बंद झाले. प्रेक्षक तिला पाहण्यासाठी पैसे मोजत होते. परंतु त्या पैशातील वाटा तिने मागताच ती खेळाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी ठरली. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढील बहुतेक वादांत याच युक्तिवादाची पुनरावृत्ती झालेली दिसते.

१९४९ : लेसची एक किनार

गसी मोरान ही कॅलिफोर्नियाची खेळाडू १९४९ मध्ये प्रथमच विम्बल्डनला आली, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय क्रमवारीत तिचे स्थान चौथे होते. तिने वेशकार टेड टिंलिंग यांच्याकडे रंगीत पोशाखाची मागणी केली. क्लबचा आग्रह पांढऱ्याचा असल्याने तो मार्ग बंद होता. टिंलिंग यांनी तोड काढली : आखूड पांढरा पोशाख आणि त्याच्या आत घालावयाच्या चड्डीला लेसची किनार. नियमाच्या अक्षराला यात कोठेही बाधा येत नव्हती.

मोरान कोर्टवर उतरली तेव्हा छायाचित्रकार खालून छायाचित्र मिळावे म्हणून जमिनीवर आडवे झाले. ती छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली आणि तिच्या नावामागे सौंदर्यवाचक विशेषण कायमचे चिकटले. क्लबच्या धुरिणांनी टेनिसमध्ये असभ्यता आणि पाप आणल्याचा ठपका ठेवला. पण तो कोणावर ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. ठपका मोरानवर आणि टिंलिंग यांच्यावर आला. टिंलिंग १९२७ पासून विम्बल्डनमध्ये खेळाडू आणि व्यवस्थापन यांच्यातील दुवा म्हणून काम करीत होते; ते काम सुटले आणि त्यांना पुन्हा सन्मानाने बोलावण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. हिरवळीवर झोपणाऱ्या छायाचित्रकारांवर बंदी आल्याचे मात्र दिसत नाही. पाप किनारीत होते. कॅमेऱ्याच्या कोनात नव्हते!

मोरानने पोशाख स्वतः मागितला होता, तेव्हा प्रसिद्धीही तिने ओढवून घेतली, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. तिला छानछोकीची आवड होती आणि तिने ती लपविली नाही. परंतु विशिष्ट वस्त्र घालण्यास संमती देणे आणि विशिष्ट कोनातून टिपले जाण्यास संमती देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोर्टवर जाताना आपण संकोचाने रॅकेट तोंडासमोर धरली होती, असे तिने पुढे सांगितले. त्या वर्षी एकेरीत ती लवकर हरली. पण पॅट टॉड हिच्यासह महिला दुहेरीची अंतिम फेरी तिने गाठली होती. ही दुसरी बाब किती जणांना ठाऊक आहे? १९५० मध्ये ती व्यावसायिक झाली आणि पॉलिन बेट्झ या कितीतरी श्रेष्ठ खेळाडूविरुद्ध दौऱ्यावर गेली. करार तिच्या खेळाचा नव्हता, त्या छायाचित्राचा होता. आणि छायाचित्राच्या बळावर दौरा फार काळ चालत नाही. २०१३ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिचा मृत्यू झाला, तेव्हाच्या मृत्युलेखांतही किनारच अग्रभागी होती.

येथे एक तुलना उद्बोधक ठरावी. १९३० च्या दशकाच्या आरंभी बनी ऑस्टिन या इंग्रज खेळाडूने लांब विजारीऐवजी अर्धी विजार घातली, तेव्हाही भुवया उंचावल्या. मात्र काही वर्षांतच ती सर्वांची झाली आणि ऑस्टिनचे पाय हा त्याच्या चरित्राचा विषय झाला नाही.

सिगारेटचा पैसा आणि समान बक्षीस

१९६८ मध्ये टेनिस ‘खुले’ झाले, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक हा भेद मिटला. स्त्रियांची स्थिती त्यामुळे काही काळ बिघडलीच. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्यास १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीस १,५०० डॉलर असे बक्षीस जाहीर झाले. २३ सप्टेंबर १९७० रोजी ह्यूस्टन येथे बिली जीन किंग, रोझी कॅझल्स, नॅन्सी रिची यांच्यासह नऊ खेळाडूंनी ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या संपादक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एक डॉलरचा करार केला आणि स्वतंत्र स्पर्धा भरविली. महिलांच्या व्यावसायिक टेनिसची ही खरी सुरुवात होय.

या स्पर्धेची प्रायोजक ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही सिगारेट होती. फिलिप मॉरिस कंपनीने १९६८ मध्ये ती खास स्त्रियांसाठी बाजारात आणली होती. १९७१ च्या जानेवारीत अमेरिकेत दूरचित्रवाणी आणि रेडिओवरील सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली. जाहिरातीवर खर्चावयाचा पैसा अन्यत्र वळविणे कंपन्यांना भाग होते आणि प्रेक्षणीय स्त्रिया असलेला नवा खेळ समोर होता. स्त्रीमुक्तीच्या भाषेत स्त्रियांना धूम्रपान शिकविणारी ही जाहिरात होती, ही विसंगती खेळाडूंनाही जाणवत असणार. परंतु अन्य कोणीही पैसे देत नव्हते. १९७१ मध्ये बिली जीन किंगने एका वर्षात एक लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळविले. कोणत्याही महिला खेळाडूला तोवर हे साधलेले नव्हते.

या दौऱ्यावरील पोशाख कोणी करावेत? टेड टिंलिंग यांनी! १९४९ मध्ये ज्यांच्यामुळे खेळ बाटला होता, तेच आता नव्या व्यवसायाचे अधिकृत वेशकार झाले. १९७२ मध्ये रोझी कॅझल्स पांढऱ्यावर जांभळी नक्षी असलेला त्यांचाच पोशाख घालून विम्बल्डनमध्ये उतरली, तेव्हा तिला तो बदलावयास लावण्यात आले. एका व्यासपीठावर खेळाडूने रंगीबेरंगी दिसावे ही अपेक्षा, दुसऱ्या व्यासपीठावर तोच पोशाख निषिद्ध. दोन्हीकडे खेळाडू त्याच होत्या.

१९७३ हे वर्ष निर्णायक ठरले. महिला टेनिस संघटना स्थापन झाली, अमेरिकन खुल्या स्पर्धेने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले आणि २० सप्टेंबर रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ५५ वर्षांचे बॉबी रिग्ज आणि बिली जीन किंग यांच्यात गाजलेला सामना झाला. ३०,४७२ प्रेक्षकांसमोर किंगने ६-४, ६-३, ६-३ असा विजय मिळविला. तिला पालखीसारख्या सजविलेल्या आसनावरून कोर्टवर आणण्यात आले होते. दूरचित्रवाणीवरील समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी प्रवेशाच्या वेळी जे उद्गार काढले त्यांचा आशय असा होता, की या बाईने केस वाढविले आणि चष्मा काढला तर चित्रपटात शोभेल. समानतेसाठी खेळल्या गेलेल्या सामन्याची ही प्रस्तावना! येथे कोणताही सनातनी उपस्थित नव्हता, अंगप्रदर्शनाचा प्रश्न नव्हता. तरीही खेळाडूची पहिली ओळख दिसण्यावरूनच झाली.

तुलनेची सवय

पुढील काळात माध्यमांनी जोड्या लावण्याची सवय जडवून घेतली. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा यांच्यात ८० सामने झाले, त्यांपैकी ४३ नवरातिलोवाने जिंकले. परंतु एक नाजूक व घरंदाज, तर दुसरी पिळदार स्नायूंची व परकी, अशी मांडणी वर्षानुवर्षे चालली. नवरातिलोवाच्या समलिंगी संबंधांची वाच्यता १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून झाली आणि जाहिरातदार तिच्यापासून दूर राहिले. १९८५ मध्ये ॲन व्हाइटने विम्बल्डनमध्ये संपूर्ण अंग झाकणारा पांढरा घट्ट पोशाख घातला. पांढरा होता, झाकलेला होता. तरीही दुसऱ्या दिवशी अन्य काही घालून येण्यास तिला सांगण्यात आले. आक्षेप अंग उघडे असण्याला होता, असे म्हणावयास या प्रसंगानंतर आधार उरत नाही.

ॲना कुर्निकोवाचा उल्लेख या विषयावरील प्रत्येक लेखनात येतो, आणि तो बहुधा एकाच वाक्यात आटोपतो : तिने एकेरीचे एकही विजेतेपद न जिंकता अमाप पैसा मिळविला. विधान खरे आहे. जून २००० मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने तिला मुखपृष्ठावर घेतले, तेही रॅकेटशिवाय. परंतु १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी तिने विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली होती. २००० मध्ये एकेरीत ती जगात आठवी होती. मार्टिना हिंगीससह १९९९ आणि २००२ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जागतिक अग्रस्थानही मिळविले. सौंदर्याची विक्री करणाऱ्या माध्यमांनीच पुढे ‘हिला खेळता येत नाही’ असा निवाडा दिला. विक्री आणि निर्भर्त्सना या दोन्हींत खेळ मात्र अदृश्य झाला.

भारतीय संदर्भ

तेरा वर्षांनंतर याच हिंगीससह दुहेरीतील जागतिक अग्रस्थान मिळविणारी सानिया मिर्झा हिच्या वाट्याला आलेला अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. परंतु त्याआधी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. मुंबईच्या उच्चवर्गीय वर्तुळात स्त्रियांचे टेनिस नवे नव्हते. लेडी मेहेरबाई टाटा साडी नेसून टेनिस खेळत. शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या आणि ‘सत्याग्रहगीता’ या संस्कृत काव्याच्या कर्त्या पंडिता क्षमा राव याही टेनिसपटू होत्या. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकला आणि असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मराठी वाचकाला क्षमाबाई विदुषी म्हणून परिचित आहेत. त्यांच्या घरातील हा क्रीडावारसा आपल्या स्त्री-इतिहासलेखनात जवळजवळ हरवला आहे, ही खेदाची बाब होय. या स्त्रियांचे टेनिस वर्गाच्या कुंपणाआड सुरक्षित होते. त्यांच्या पोशाखावर राष्ट्रीय वाद झाला नाही, कारण राष्ट्र त्यांना पाहत नव्हते.

सानिया मिर्झाचा जन्म १९८६ मध्ये मुंबईत झाला आणि ती हैदराबादेत वाढली. २००५ हे तिच्या उदयाचे वर्ष. जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत ती सेरेना विल्यम्सशी खेळली, फेब्रुवारीत हैदराबादची स्पर्धा जिंकून महिला टेनिस संघटनेचे एकेरी विजेतेपद मिळविणारी पहिली भारतीय महिला झाली आणि सप्टेंबरात अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या चौथ्या फेरीत पोहोचली. त्याच सप्टेंबरात तिच्या आखूड स्कर्टविरुद्ध एका धर्मगुरूने फतवा काढल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या आणि कोलकात्यातील स्पर्धेच्या वेळी तिला पोलीस संरक्षण देण्यात आले.

या प्रसंगाकडे ‘धर्म विरुद्ध आधुनिकता’ म्हणून पाहणे सोयीचे होते आणि माध्यमांनी तेच केले. प्रत्यक्षात फतव्याची बातमी आणि स्कर्टमधील छायाचित्र ही एकमेकांना पूरक होती. छायाचित्रामुळे बातमी वाचली जात होती, बातमीमुळे छायाचित्र छापण्यास निमित्त मिळत होते. तिचा जोरकस फोरहँड, तिचा कच्चा सर्व्ह, मनगटाच्या आणि गुडघ्याच्या दुखापती यांविषयी गांभीर्याने लिहिणारे थोडेच होते. खेळाडूच्या अंगावर काय आहे या प्रश्नाने एक धर्मगुरू आणि शेकडो संपादक यांना एकत्र आणले होते. नंतरही मालिका थांबली नाही. २००८ च्या आरंभी राष्ट्रध्वजाजवळ पाय ठेवून बसल्याच्या छायाचित्रावरून वाद उठला. त्या वर्षीच्या बेंगळुरूच्या स्पर्धेत न खेळण्याचा निर्णय तिने घेतला. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकसाठी पुरुष खेळाडूंच्या भांडणात समेट घडविण्यासाठी आपला आमिष म्हणून वापर झाला, अशी जाहीर तक्रार तिला करावी लागली. २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली, विम्बल्डन आणि अमेरिकन दुहेरी तिने जिंकली. त्यानंतर २०१६ मध्ये, आत्मचरित्राच्या प्रकाशनाच्या निमित्ताने झालेल्या मुलाखतीत एका ज्येष्ठ पत्रकाराने तिला विचारले, की ती स्थिरस्थावर कधी होणार, मातृत्वाचे काय? जगात पहिली असणे हे स्थिरावणे नव्हे काय, अशा आशयाचे उत्तर तिने दिले आणि पत्रकाराने तेथेच क्षमा मागितली. हा प्रश्न फतव्याहून सौम्य आणि सुसंस्कृत होता. त्यामागील गृहीतक फारसे निराळे नव्हते.

अलीकडील नियम

२०१८ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत सेरेना विल्यम्स काळा, अंगासरशी बसणारा पूर्ण पोशाख घालून खेळली. प्रसूतीनंतर रक्ताच्या गुठळ्यांमुळे तिच्या जिवावर बेतले होते आणि रक्ताभिसरणासाठी तो उपयुक्त होता. फ्रेंच टेनिस महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी खेळाचा आणि स्थळाचा मान राखला पाहिजे, असे म्हणून पुढे असा पोशाख चालणार नसल्याचे सूचित केले. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेत ॲलिझे कोर्नेने उलटा घातलेला शर्ट कोर्टवर क्षणभर काढून सरळ केला, म्हणून तिला ताकीद मिळाली. पुरुष खेळाडू त्याच स्पर्धेत उघड्या अंगाने बाकावर बसत होते. आयोजकांना नियमाचा खुलासा करून खेद व्यक्त करावा लागला. डिसेंबर २०१८ मध्ये महिला टेनिस संघटनेने स्कर्टशिवाय नुसत्या लेगिंग्ज घालून खेळण्यास स्पष्ट अनुमती दिली.

विम्बल्डनमध्ये पांढऱ्या रंगाची सक्ती पुरुषांनाही आहे आणि आंद्रे अगासीने तिच्या निषेधार्थ काही वर्षे स्पर्धाच टाळली होती. मात्र २०१४ मध्ये हा नियम अंतर्वस्त्रांपर्यंत कडक झाला, तेव्हा त्याचा भार सारखा उरला नाही. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या वस्त्रांत, हजारो प्रेक्षक आणि असंख्य कॅमेरे यांच्यासमोर खेळण्याची धास्ती खेळाडू आपसात बोलत. माध्यमांत तिला स्थान नव्हते. स्त्रीच्या शरीराचा इंच न् इंच टिपणाऱ्या छायाचित्रणाला या शरीराचा हा एक धर्म दशकानुदशके दिसला नाही. २०२२ मध्ये काही खेळाडूंनी उघडपणे बोलण्यास सुरुवात केली, मैदानाबाहेर निदर्शनेही झाली. त्या वर्षाच्या अखेरीस क्लबने नियम बदलला आणि २०२३ च्या स्पर्धेपासून महिलांना स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा मिळाली. गसी मोरानच्या लेसला ७४ वर्षे झाली होती आणि वस्त्र तेच होते. अट एवढीच, की ती स्कर्टपेक्षा लांब असू नये.